गावचं दप्तर हरवलं, आता इतिहास कुठं शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या गावाचा, पेठेचा किंवा घराण्याचा इतिहास लिहायला घेतलेली माणसं भेटली की बोलणं फिरून फिरून एकाच जागी येतं: कागद गेले कुठं? मी माझ्या आजोळच्या गावाचा इतिहास जुळवते आहे. त्या गावाची १९१८ सालची मृत्यूची नोंदवही मला मिळाली नाही. १९१७ ची आहे, १९१९ ची आहे, मधली नाही. नेमकी ज्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीनं मुंबई इलाखा झोडपून काढला, त्या वर्षीची. त्या एका वहीच्या मागे लागताना जे जे कळत गेलं, ते इथं प्रश्नोत्तरांत मांडते आहे.

स्थानिक दप्तर म्हणजे नेमके कोणते कागद?

तलाठ्याकडचे गाव नमुने सगळ्यांच्या ओळखीचे, कारण सातबाऱ्यावाचून गावात पान हलत नाही. हे नमुने १ ते २१ असे आहेत. सात आणि बारा मिळून सातबारा, सहावा फेरफाराचा, सहा-क वारसांचा, आठ-अ खात्याचा. इतिहास लिहिणाऱ्याशी सगळ्यांत जास्त बोलतो तो जुना चौदावा, जन्म-मृत्यूचा. जुनी माणसं त्याला कोतवाल बुक म्हणतात. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्याआधी गावातल्या कितीतरी माणसांचं नाव कागदावर आलं ते दोनदाच, जन्मल्यावर आणि गेल्यावर, आणि दोन्ही वेळा याच वहीत.

याशिवाय भूमी अभिलेख कार्यालयातले जमीन मोजणीचे आणि साऱ्याचे कागद: टिपणं, गुणाकार बुक, आकारफोड, शेतवार पत्रक. ग्रामपंचायतीची इतिवृत्तं आणि घरपट्टीची आकारणी. नगरपालिकेचे ठराव. शाळेचं जनरल रजिस्टर. जुन्या जिल्हा लोकल बोर्डाच्या रस्ते, विहिरी आणि धर्मशाळांच्या फायली. इंग्रजी अमलाच्या आधीचं गावचं दप्तर मात्र कचेरीत नव्हतंच. ते कुलकर्ण्याच्या, म्हणजे गावच्या वतनदार हिशेबनिसाच्या घरी किंवा देशपांड्याच्या, म्हणजे परगण्याच्या हिशेबनिसाच्या वाड्यात असायचं, मोडी लिपीत लिहिलेलं, रुमालात बांधून माळ्यावर ठेवलेलं. सरकारी काम आणि खाजगी घर यांच्यात भिंत नव्हती. पुढच्या पुष्कळ नुकसानीचं मूळ इथं आहे.

हे कागद हरवतात कसे?

आग लागली की बातमी होते. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला लागलेली आग साऱ्या राज्यानं टीव्हीवर पाहिली. तालुक्याच्या अभिलेख कक्षात वाळवी लागते तेव्हा मात्र कुणी पाहत नाही. कोकणात चार महिने पाऊस, भिंतींना ओल, खालच्या फळीवरचे गठ्ठे जमिनीला टेकलेले. दोन पावसाळ्यांत शंभर वर्षांचा कागद लगदा होतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या नदीकाठच्या गावांत पाणी घरात शिरलं तसं कचेऱ्यांतही शिरलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात गावंच्या गावं मातीखाली गेली, तेव्हा माणसं काढायची की वह्या, हा प्रश्नच नव्हता.

पण माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त कागद गेला तो दोन साध्या कारणांनी.

पहिलं, रद्दी. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायम ठेवायचा, ब वर्ग तीस वर्षं, क आणि ड त्याहून कमी. पद्धत चुकीची नाही, प्रत्येक चिठोरं कुणीच ठेवू शकत नाही. पण वर्ग ठरवताना पुढं कोर्टात काय लागेल हे पाहिलं जातं, पुढं इतिहासाला काय लागेल हे नाही. जमिनीचा कागद अ मध्ये जातो. दुष्काळी कामावरच्या मजुरांचा हजेरीपट मुदत संपली की निकालात. शिवाय साफसफाईच्या मोहिमेत पुष्कळदा वर्गसुद्धा न पाहता गठ्ठे उचलले जातात. माझ्या कामातल्या एका कचेरीत मोडीतले गठ्ठे “वाचता येत नाहीत” म्हणून बाहेर काढून ठेवलेले मी पाहिले आहेत. पुढच्या खेपेला गेले तर ते नव्हते.

दुसरं, वाटणी. जिल्हा फुटला की दप्तर फुटतं. १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला, औरंगाबादेतून जालना. १९८२ ला उस्मानाबादेतून लातूर, चंद्रपुरातून गडचिरोली. १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार, २०१४ ला ठाण्यातून पालघर. दर वेळी गठ्ठे ट्रकमध्ये चढले. काही पोहोचले, काही जुन्या जागी राहिले, काहींची यादी पोहोचली पण गठ्ठा नाही. कचेरीचं नाव बदलतं तेव्हाही हेच होतं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि लोकल बोर्डं संपली. चालू कामाच्या फायली पुढं आल्या, बंद झालेल्या कामांना वालीच राहिला नाही. आणि इतिहासाला हव्या असतात त्या नेमक्या बंद झालेल्या कामांच्या फायली.

“आमच्या गावचं दप्तर १९४८ ला जळालं” असं सांगतात. खरं आहे का?

पुष्कळ ठिकाणी खरं आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कुलकर्णी-देशपांड्यांकडचे रुमाल त्याच घरांत होते. घराबरोबर वतनाचे कागद, महजर (गोतसभेपुढच्या निवाड्यांचे कागद), गावचे जुने हिशेब गेले. माणसांचा संसार जळाला आणि सगळ्या गावाची स्मृतीही जळाली, ती त्या एका घराची नव्हती.

तरीही हे उत्तर ऐकून शोध थांबवू नका. इंग्रजी अमलात जमिनीची पाहणी आणि जमाबंदी (सारा ठरवणं) झाल्यानंतरचे महत्त्वाचे कागद तालुक्याला आणि जिल्ह्यालाही गेलेले असतात. जळालं ते घरातलं दप्तर. कचेरीतलं दप्तर त्या आगीत गेलं असेलच असं नाही. “जळालं” हा शब्द गावोगाव इतका सोपा होऊन बसला आहे की खरं कारण वाळवी असो, रद्दी असो की कुणी मुद्दाम काढून घेतलेलं पान असो, सगळं त्या एका सालावर ढकललं जातं. दुसऱ्या बाजूनं, १९५० च्या कायद्यानं परगणा आणि कुलकर्णी वतनं संपली, तेव्हा ज्या घरांत दप्तर सुखरूप होतं त्यांनाही ते सांभाळण्याचं कारण उरलं नाही. पुढच्या पिढीनं माळा साफ केला. त्याचा धूर कुणाला दिसला नाही.

पेशवे दप्तर पुण्यात शाबूत आहे. मग गावच्या वह्यांची एवढी काळजी का करायची?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा शिकलेले असतात.

पुण्याचं पुराभिलेखागार ही आपली मोठी ठेव आहे, यात शंका नाही. हजारो रुमाल तिथं आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडलेले ४५ खंड प्रसिद्ध केले आणि मराठ्यांच्या इतिहासाचा पाया बदलला. पण ते दप्तर सरकारच्या खुर्चीत बसून गावाकडं पाहतं. गावानं किती द्यायचं, किती दिलं, किती तहकूब झालं. एखादा तंटा वरपर्यंत गेला तर त्या गावातली माणसं नावानिशी दिसतात, बोलतात, शपथा घेतात. तंटा गावातच मिटला तर गाव म्हणजे एक आकडा. गावात मिटलेल्या तंट्यांचा कागद गावातच होता.

इंग्रजी काळातही तेच. मामलेदार कलेक्टरला लिहितो, कलेक्टर कमिशनरला, कमिशनर मुंबईला, मुंबई लंडनला. वर जाताना प्रत्येक पायरीवर मजकूर आटतो. आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आपल्या तालुक्याचा अहवाल मिळतो, छापील आणि स्वच्छ. पण तो ज्या वह्यांवरून लिहिला त्या वह्याच इथं नसतील, तर त्यातलं वाक्य तपासायचं कशावरून? “रयत समाधानी आहे” असं साहेबानं लिहिलं असेल, तर ते खोडून काढणारी तगाईची (सरकारी शेतीकर्जाची) थकबाकी आणि विकलेल्या बैलांची नोंद गावच्या कागदात असायची. खालचा कागद गेला की वरच्या कागदाचं म्हणणं आपोआप इतिहास होतं.

लोणीकंदचं उदाहरण घ्या. पुण्याजवळचं हे गाव १८२० च्या सुमारास थॉमस कोट्स नावाच्या डॉक्टरनं बारकाईनं पाहून लिहून ठेवलं: घरं, जाती, अवजारं, कर्ज, जेवणखाण. पुढं सव्वाशे वर्षांनंतर समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला, कारण तुलनेला काहीतरी हाती होतं. म्हणून लोणीकंद जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. शेजारच्या गावात काही घडलं नाही म्हणून ते अंधारात आहे असं नव्हे. त्याचा कागद कुणी लिहिला नाही, किंवा लिहिलेला राहिला नाही.

दप्तर गेल्यानं सगळ्यांचं सारखंच नुकसान होतं का?

नाही. मला या विषयात सगळ्यांत जास्त टोचते ती ही गोष्ट.

जमीनधारकाचा कागद तीन-चार ठिकाणी असतो. तलाठ्याकडं, तहसिलीत, भूमी अभिलेखमध्ये, खरेदी-विक्री झाली असेल तर दुय्यम निबंधकाकडं. एक गेला तर दुसरा सापडतो. ज्याच्याकडं जमीन नव्हती त्याचं नाव एकाच वहीत असायचं. ती गेली की तो माणूस जगलाच नव्हता असं होतं. अलुतेदार, सालगडी, हंगामापुरते आलेले मजूर. महार वतनाच्या जमिनी जुन्या कागदांत पुष्कळदा “समस्त महार” अशा लिहिलेल्या सापडतात. एकेका माणसाचं नाव हवं असेल तर मृत्यूची वही, शाळेचं रजिस्टर, चावडीवरच्या वेठीचा कागद, असल्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या गठ्ठ्यांकडं जावं लागतं. मुदत संपली म्हणून आधी बाहेर पडतात ते हेच गठ्ठे.

बायकांचं तसंच. वारसाच्या फेरफारात “मयताची विधवा” म्हणून एक ओळ, आणि पुष्कळदा तिच्यापुढं नावही धड नाही.

आणि भटक्या समाजांबद्दल तर लिहितानाही हात थबकतो. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली, ते स्वातंत्र्यानंतर रद्द होईपर्यंत, पारध्यांसारख्या कितीतरी जमातींना पोलिसांकडं नाव नोंदवून हजेरी द्यावी लागत असे. ती हजेरीची वही हा अपमानाचा कागद आहे. पण पुष्कळ कुटुंबांच्या पणजोबांचं नाव लिहिलेला तोच एक कागद आहे. तो नष्ट व्हावा की राहावा? मी राहावा म्हणते. काय केलं गेलं याचा पुरावाही तोच आहे.

२०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध झाला. त्यातून इतिहासाच्या अभ्यासकाला काय मिळालं?

आरक्षणाच्या वादात न शिरता फक्त कागदांपुरतं सांगते. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि पुढं राज्यभर जुन्या नोंदी पाहिल्या गेल्या. एरवी ज्या खोल्यांचं कुलूप वर्षानुवर्षं निघत नव्हतं, त्या उघडल्या गेल्या. महसुलाचं खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, कारागृहातल्या कच्च्या कैद्यांची रजिस्टरं, ताडीच्या परवान्यांच्या वह्या: माणसाची नोंद कुठं कुठं सापडू शकते याची इतकी लांब यादी सरकारनंच एका जागी केली. ती यादी प्रत्येक स्थानिक अभ्यासकानं जवळ ठेवावी.

त्याचबरोबर भोकंही दिसली. एका गावात नोंदींचे ढीग, शेजारच्या गावात शून्य. नोंद नाही म्हणजे माणसं नव्हती असं नाही, वही नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि नोंद आहे म्हणजे ती अंतिम सत्य आहे असंही नाही. जातीच्या रकान्यात काय लिहायचं हे कारकुनाच्या कानावर, घाईवर आणि समजुतीवर होतं. इतिहासाच्या कामात नोंद साक्षीदारासारखी तपासावी लागते.

मराठवाड्यातल्या गावांचे कागद कुठं शोधायचे?

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ ला मुंबई राज्यात आला. त्यामुळं वरच्या पातळीवरचे जुने कागद हैदराबादच्या पुराभिलेखागारात, उर्दू आणि फारसीत. गावपातळीवर मोडी, मराठी आणि उर्दू यांची सरमिसळ. छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारातही पाहायला हवं. बीदर-गुलबर्गा जिल्ह्यांतली मराठी गावं १९५६ ला कर्नाटकात गेली, त्यांचा माग तिकडं. चंदगड तालुका उलट बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापुरात आला, म्हणून त्याचे १९५६ च्या आधीचे कागद बेळगावला विचारावे लागतात. संस्थानी गावांसाठी १९४८-४९ ही रेघ लक्षात ठेवा. सांगली, औंध, फलटण, भोर ही संस्थानं १९४८ ला विलीन झाली, कोल्हापूर १९४९ ला. कागद शोधण्याआधी आपलं गाव कोणत्या साली कुणाच्या ताब्यात होतं याचा तक्ता करा. मी हे उशिरा शिकले.

आमचं गाव धरणाखाली गेलं. आता काहीच मिळणार नाही ना?

इथं मात्र चांगली बातमी आहे. कोयनेच्या शिवसागरात, उजनीच्या पाण्यात, जायकवाडीत गावं बुडाली, पण बुडण्याआधी ती मोजली गेली. भूसंपादनाच्या निवाड्यात प्रत्येक घर, गोठा, विहीर, आंब्याचं आणि चिंचेचं झाड मालकाच्या नावासह किमतीनिशी लिहिलेलं असतं. जिवंत गावाची इतकी बारीक याद कुणी करत नाही. जिल्ह्याच्या भूसंपादन शाखेत आणि पुनर्वसन शाखेत निवाड्याची नक्कल मागा. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. त्या देवळाभोवती कुणाची घरं होती हे निवाडा सांगतो. असे निवाडे आजही मिळतात, पण कायम मिळतील असं समजू नका.

“अभिलेख आढळून येत नाही” असं उत्तर आलं. पुढं काय?

पहिली गोष्ट, हे उत्तर म्हणजे शेवट नाही. माहिती अधिकार कायद्यात माहिती नाकारण्याची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत, त्यांत “गहाळ” हे कारण नाही. प्रथम अपील करा.

दुसरी, प्रश्न बदला. “अमुक वही द्या” असं न विचारता असं विचारा: ही वही नष्ट केली असेल तर नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी, आदेश आणि तारीख द्या. दुसऱ्या कचेरीला पाठवली असेल तर हस्तांतराची यादी द्या. सार्वजनिक अभिलेख असे मनमानी नष्ट करता येत नाहीत. केंद्राचा १९९३ चा कायदा आहे, त्यात शिक्षेची तरतूद आहे, आणि राज्याचाही २००५ चा कायदा आहे. मला दोनदा “आढळत नाही” म्हटलेली वही यादी मागितल्यावर आढळली.

तिसरी, कागदी भांडणाआधी एकदा समक्ष जा. अभिलेखपालाला काय शोधता आहात ते नीट सांगा. एका वयस्कर अभिलेखपालांनी मला सांगितलं होतं, “ताई, वही हरवत नाही, तिचं लेबल हरवतं.” शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात, चुकीच्या सालाखाली, दुसऱ्या तालुक्याच्या फळीवर वह्या बसून असतात. अशी माणसं निवृत्त होतात तेव्हा सूचीपत्रापेक्षा मोठी सूची कचेरीतून घरी जाते. कुणीतरी त्यांच्याशी बसून ती लिहून घ्यायला हवी.

वही खरंच गेली असेल, तर ती माहिती दुसरीकडून उभी करता येते का?

थोडीफार येते. १९१८ च्या वहीचं मी काय केलं ते सांगते.

इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरचे छापील वार्षिक अहवाल आहेत. त्यातून साथीचा एकूण आवाका कळला. आकडा मिळाला, नाव एकही नाही. मग गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर पाहिलं. शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात दिवाळीच्या आगेमागे एकाखाली एक “मयत” असं लिहिलं होतं. नंतर फेरफार पाहिले. १९१९ आणि १९२० मध्ये वारसाच्या नोंदी एकदम वाढलेल्या, त्यात खातेदार “मागील साली मयत” असा उल्लेख. एका घरात सावकारीची खातेवही होती, तिच्यात काही खात्यांवर त्या हिवाळ्यात रेघ मारलेली. देवळाच्या वर्गणीची वही, दोन घरांतल्या पोथ्यांच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या तिथी, आणि आजीच्या आईनं सांगितलेलं, “सरणाला लाकूड पुरलं नाही.”

असं करत माझ्याकडं एकतीस नावं जमली. त्यात शाळेत जाणारी मुलं आहेत आणि जमीन असलेले पुरुष आहेत. शाळेत न गेलेल्या मुली नाहीत. भूमिहीन घरांतलं एकच नाव आहे, तेही सावकाराच्या वहीमुळं. पर्यायी साधनं भोक बुजवतात, पण आपापल्या आकाराचंच बुजवतात.

डब्लिनमध्ये ३० जून १९२२ ला यादवी युद्धात आयर्लंडचं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस उडालं आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची कुटुंबवार पत्रकं बहुतेक जळाली. आता शंभर वर्षांनी तिथल्या अभ्यासकांनी जगभर विखुरलेल्या नकला, उतारे आणि जुन्या टिपणवह्या गोळा करून ते दप्तर संगणकावर पुन्हा मांडायला घेतलं आहे. आपल्याकडं हे तालुक्याच्या पातळीवर सहज करता येईल. जुन्या कोर्टखटल्यांत जोडलेल्या नकला, वकिलांच्या घरच्या फायली, लोकांनी पेटीत जपलेले उतारे: मूळ वही गेली तरी तिची पानं अशी घरोघर विखुरलेली आहेत.

गोव्यात परिस्थिती वेगळी आहे का?

बरीच. गोव्यात गावकारीचे, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या आणि पोर्तुगीज ज्याला कोमुनिदाद म्हणत त्या संस्थेचे कागद गावपातळीवर सलग राहिले. गावकारीचे रिवाज १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, लिहिले गेले आणि १५९५ ला दियोगो दो कूतो यांना दप्तराचा पहिला प्रमुख नेमलं गेलं. पण त्याच सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली, त्यांच्याबरोबर त्यांचे कागद गेले, आणि पुढं १६८४ ला लोकांच्या भाषेवरच बंदीचा हुकूम निघाला. पाडलेल्या देवळांच्या जमिनी सरकारनं घेतल्या तेव्हा त्यांची यादी केली. म्हणून आज गावातल्या हरवलेल्या देवतांची नावं अभ्यासकांना सापडतात ती घेणाऱ्याच्या वहीत. मूळ कागद गेल्यावर इतिहासाला कुणाच्या दारात उभं राहावं लागतं, याचं याहून बोचरं उदाहरण मला माहीत नाही.

मोडी येत नाही. शिकावीच लागेल का?

१९२० च्या आधीचं काम करायचं असेल तर हो. रोज तासभर दिला तर काही महिन्यांत विसाव्या शतकातली मोडी वाचता येते. पेशवाईतली घसटीची मोडी यायला वर्षं लागतात. पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ वर्ग घेतात. आधी आपल्याच गावची वही घ्या, कारण आडनावं आणि शेतांची नावं ओळखीची असतात, त्यामुळं अक्षर लवकर लागतं.

आता सगळं स्कॅन होतंय. मग काळजी संपली?

स्कॅनिंग फार चांगलं काम आहे, मी रोज त्याचा फायदा घेते. पण तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. स्कॅन आधी होतो तो जमिनीचा कागद, बाकीचे गठ्ठे रांगेत मागं. सूची करणाऱ्याला मोडी येत नसेल तर फाईल असूनही सापडत नाही. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ वही टाकून देणं ही नवी आपत्ती आहे. पेन्सिलीतली समासातली टीप, मागच्या पानावरचा अंगठा, शाईचा फरक, खाडाखोड हे काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये उतरत नाही, आणि खोटी नोंद ओळखायची ती त्याच्यावरूनच.

घरात जुने कागद सापडले. काय करू?

सगळ्यात आधी, उलगडायची घाई नको. घडी जिथं पिचली आहे तिथं कागद तुटतो. सेलोटेप नको, लॅमिनेशन नको, उन्हात वाळवणं नको. सुती कापडात बांधा, जमिनीपासून उंच आणि कोरड्या जागी ठेवा. मोबाईलवर प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, आणि कागद ज्या क्रमानं बांधलेले होते तो क्रम मोडू नका. कुणाचं घर, कुठली पेटी, कुणी सांभाळले हे एका कागदावर लिहून आत ठेवा. विकू नका. सुटं पान बाजारात गेलं की सुंदर अक्षराचा नमुना म्हणून भिंतीवर लागतं आणि त्याचं गाव तुटतं. द्यायचेच असतील तर संस्थेला द्या आणि पोच घ्या. “आमच्या घराण्याची बदनामी होईल” म्हणून कर्जखतं आणि तंट्यांचे कागद जाळणारी घरं मी पाहिली आहेत. त्या तंट्यात समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाचा दुसरा कुठलाच कागद नसतो, हे त्यांना सांगून पाहा. कधी कधी ऐकतात.

कागद नसेल तर इतिहासात काय लिहायचं?

नाही, असं लिहायचं. कुठली वही, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कुठं कुठं शोधली, कुणी काय उत्तर दिलं. स्मरणिकांमध्ये भोक दिसू नये म्हणून तिथं दंतकथा भरण्याची सवय आहे: गावाचं नाव कसं पडलं, कुठल्या राजानं घोडा कुठं बांधला. दंतकथा जरूर लिहा, पण लोक असं सांगतात म्हणून लिहा. कागदाच्या जागी ती बसवली की पुढचा अभ्यासक तिथं शोधतच नाही, आणि मागून वही सापडली तरी कुणी तिच्याकडं पाहत नाही.

माझ्या पुस्तिकेत १९१८ चं पान मी असं ठेवलं आहे. वर लिहिलं आहे, “या सालाची मृत्यूची नोंदवही तालुका आणि जिल्हा अभिलेख कक्षांत शोधूनही मिळाली नाही.” खाली एकतीस नावं, प्रत्येकापुढं ते कुठून मिळालं ते. त्याखाली अर्धं पान कोरं. गेल्या पावसाळ्यात गावातल्या एका आजींनी मला बोलावून घेतलं आणि आपल्या आत्याचं नाव सांगितलं, यमुना, सहा वर्षांची. ते मी बत्तिसावं लिहिलं.